पोहे + सेव + जीरावन = ११५ : बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कॉम्बो ऑफर बसवायची कशी?

रामबागवाला :

नमस्कार मंडळी. धागा पूर्ण दुकानदारीचा आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

इंदूरला रामबागेच्या बाजूला आमचं छोटं किराणा-जनरलचं दुकान. बाबांच्या काळात वही होती. दोन वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटर, स्कॅनर आणि बिलाचा छोटा प्रिंटर आणला. रोजचं बिलिंग झकास चालतं. अडलं ते ऑफरवर.

पोह्याचं अर्ध्या किलोचं पाकीट ४०, सेव २०० ग्रॅम ६०, जीरावनची पुडी ३०. एकूण १३०. ठरवलं की तिन्ही एकत्र घेतली तर ११५ ला द्यायची. (इंदूरबाहेरच्यांसाठी : जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरवायचा मसाला. तो नसेल तर पोहे म्हणजे पथ्याचं जेवण.)

सॉफ्टवेअरमध्ये ऑफर कुठे टाकायची ते सापडेना, म्हणून सोपा रस्ता धरला. ‘नाश्ता कॉम्बो’ नावाचा नवीन आयटम बनवला, त्याला २ ने सुरू होणारा आपला घरगुती बारकोड दिला आणि किंमत ११५ टाकली. काउंटरवरचा पोरगा एकदाच टीं करायचा, बिल तयार. चार दिवस मी खुशीत होतो.

पाचव्या दिवशी सेव संपली. फळी रिकामी, आणि कॉम्प्युटर म्हणतो ३७ पाकिटं शिल्लक. सियागंजातून (आमचा घाऊक बाजार) मागवायच्या यादीत सेव आलीच नाही, कारण यादी स्टॉक बघून निघते. खाली ‘नाश्ता कॉम्बो’समोर लिहिलं होतं : उणे ३७.

बाबांनी चष्मा वर करून स्क्रीन बघितली आणि विचारलं, “उणे सदतीस म्हणजे आपण कोणाचं देणं लागतो का?”

तर, हे नीट कसं करतात?

शुद्धलेखक :

आधी ‘शेव’ लिहा. मग बोलू.

रामबागवाला :

घरात शेव, सियागंजात सेव. बिल सियागंजाचं येतं, म्हणून आयटमचं नाव सेव.

कोडगा :

पुण्यातल्या एका कंपनीत सात वर्षं हेच काम केलंय, दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअरं. आयडीवर हसून झालं असेल तर ऐका.

तुमची चूक जगातली सगळ्यात कॉमन चूक आहे. कॉम्बो ही वस्तू नाही हो. फळीवर कॉम्बो नावाचं काही ठेवलेलं नसतं, तिथे पोहे, सेव आणि जीरावनच असतात. कॉम्बो हा बिलावरचा नियम : या तीन वस्तू एकाच बिलात दिसल्या तर इतके रुपये कमी कर. नियमाला स्टॉक नसतो, बारकोडही नसतो. पोराने तिन्ही पाकिटं वेगवेगळी स्कॅन करायची, तिसरं टीं झालं की सूट आपोआप उतरते. स्टॉक तिन्हींचा एकेक कमी होतो आणि सियागंजची यादी बरोबर निघते.

काही सॉफ्टवेअरमध्ये ‘किट’ असतं. त्यात एका आयटमच्या पोटात तीन आयटम जोडता येतात, विकला की आतल्यांचा स्टॉक कमी होतो. दिवाळीच्या फराळाचा डबा तुम्ही स्वतः भरून सील करून विकता, तिथे किट ठीक. सुट्या पाकिटांना किट करू नका, कारण उद्या गिऱ्हाईक “जीरावन नको, बाकी द्या” म्हणालं की पोराला बिल मोडून परत करावं लागतं.

तुमच्याकडे मेनूत स्कीम, ऑफर किंवा प्रमोशन असं काहीतरी नक्की असेल. बहुतेक वेळा ते ‘मास्टर’मध्ये (वस्तू आणि भावांची मूळ नोंद असते तिथे) लपलेलं असतं, बिलिंगच्या स्क्रीनवर नाही. तिथे गेलात की तीन ग्रुप करा : पोहे, सेव, जीरावन. प्रत्येकातून एक नग, अशी अट.

मांडवीकर :

बडोद्याहून. आमच्याकडेही शेव उसळीचा कॉम्बो चालतो, तो सोडा, माझी फजिती ऐका.

टूथपेस्ट १०० ची, साबणाचा संच १२० चा. दोन्ही मिळून २२०, ऑफर १९९. नियमात मी ‘फिक्स किंमत १९९’ टाकलं होतं. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. साबण-टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर आले. नवा माल आला तो टूथपेस्ट ८९ आणि साबण १०७ छापून. दोन्ही मिळून १९६.

आता सांगा, दोन्ही एकत्र स्कॅन केल्यावर बिल किती आलं? १९९!

एका बाईंनी काउंटरवरच मोबाईल काढून बेरीज केली आणि शांतपणे म्हणाल्या, “भाई, वेगवेगळं द्या, मला डिस्काउंट परवडत नाही.” मागे पाच माणसं उभी होती. शिवाय छापील किमतीच्या वर विकणं हा कायद्याने गुन्हा, ते वेगळंच. त्या दिवसापासून मी फिक्स किंमत कधी टाकत नाही. ‘इतके रुपये कमी’ असं टाकतो. भाव वर जावो की खाली, सूट सूटच राहते.

कोडगा :

+१. चांगल्या सॉफ्टवेअरने “कॉम्बोची किंमत बेरजेपेक्षा जास्त असेल तर लावू नको” हे स्वतःच तपासायला हवं. सगळी तपासत नाहीत.

आणि मांडवीकर, तुमच्याकडे तेव्हा जुना माल पण असणार. एकाच बारकोडला दोन एमआरपी. स्कॅन केल्यावर “कोणता, ८९ की १००?” असं विचारणारी खिडकी येते आणि पोरगा न बघता एंटर दाबतो. ऑफरचा नियम बारकोडवर लागतो, पण सूट निवडलेल्या एमआरपीवरून निघते. तेव्हा दर बदलतात त्या आठवड्यात सगळ्या ऑफर बंद ठेवणं बरं.

हिशोबनीस :

मी ग्वाल्हेरला टॅक्सचं काम करतो. नाश्ता कॉम्बोत तुम्ही सुटलात, कारण पाकीटबंद पोहे, पाकीटबंद सेव, मसाला सगळंच ५ टक्क्यांत. पण तीच पद्धत दुसऱ्या कॉम्बोला लावलीत तर घाम फुटेल. आकडे देतो.

कप नूडल्स ५०, वेफर्स २०, कोल्ड्रिंक ४०. मिळून ११०, ऑफर ९९. नूडल्स आणि वेफर्सवर ५ टक्के, कोल्ड्रिंकवर ४० टक्के.

सूट ११ रुपये, म्हणजे बरोब्बर दहा टक्के. ती तिघांत त्यांच्या किमतीप्रमाणे वाटली तर नूडल्स ४५, वेफर्स १८, कोल्ड्रिंक ३६. या किमतींच्या पोटातला, म्हणजे किमतीत आधीच धरलेला कर अनुक्रमे २.१४, ०.८६ आणि १०.२९. एकूण १३.२९.

आता हाच माल ‘हॉस्टेल कॉम्बो ९९’ नावाने एकच आयटम, एकच किंमत म्हणून विकला तर? कायद्यात याला मिश्र पुरवठा म्हणतात, केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम २(७४) आणि कलम ८. एकाच किमतीत बांधलेल्या गठ्ठ्यात ज्या वस्तूचा दर सर्वांत जास्त, तो पूर्ण गठ्ठ्याला. ९९ वर ४० टक्क्यांनी पोटातला कर २८.२९. एका कॉम्बोमागे तुमच्या खिशातून पंधरा रुपये जास्त. सूट दिली अकरा, भुर्दंड बसला पंधरा. कायद्यात उदाहरणही जवळपास हेच दिलंय : डबाबंद पदार्थ, मिठाई, चॉकलेट, केक, सुका मेवा, शीतपेयं आणि फळांचे रस एकाच किमतीचा गठ्ठा करून विकणं.

म्हणून बिलावर तीन ओळी, प्रत्येकीची किंमत, प्रत्येकीची सूट, प्रत्येकीचा कर. बिलाच्या वेळीच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते, कलम १५(३). तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांसाठीची सोपी कर योजना) असाल तर हा सगळा पाढा तुम्हाला लागू नाही. तुम्ही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेतच नाही, उलाढालीवर एक टक्का भरता.

अजून एक. तिन्ही पाकिटं सेलोफेनमध्ये गुंडाळून वर ११५ चं स्टिकर लावू नका. २०११ च्या पॅकेज नियमांत वेगवेगळ्या वस्तूंच्या अशा एकत्र बांधणीला स्वतःची वेगळी व्याख्या आहे, आणि मग त्या नव्या पाकिटावर काय काय छापायचं हे तुमच्या मागे लागतं. टोपलीत शेजारी शेजारी ठेवा, पुरे.

मांडवीकर :

साहेब, मग अकरा रुपये सगळेच्या सगळे कोल्ड्रिंकवर टाकले तर? ४० टक्केवाल्याची किंमत कमी, कर कमी!

हिशोबनीस :

हा प्रश्न येणार याची वाट बघत होतो. हिशेबाने कर ११.६२ येतो, दीड-पावणेदोन रुपये वाचतात. पण बोर्डावर लिहिलंय ‘तिन्ही घ्या, ९९ द्या’ आणि बिलात सूट फक्त कोल्ड्रिंकवर. कोणी विचारलं तर उत्तर काय देणार? प्रमाणात वाटणी केलेली असली की उत्तर द्यावंच लागत नाही. मी माझ्या अशिलांना तेच सांगतो.

आणि ‘एकावर एक मोफत’बद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो : मोफत दिलेल्या वस्तूचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जातं ही भीती त्या ऑफरला लागू नाही. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की ते एकाच्या किमतीत दोन विकणं आहे, भेट नाही. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या नगाची किंमत हाताने शून्य करू नका एवढंच, नियमातून सूट द्या.

तिसरा_प्रयत्न :

मी दुकानदार नाही. इंदूरलाच भंवरकुआंला राहून एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतो, आयडी त्यावरूनच. पण ऑफर कशी फुटते हे गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगू शकतो.

आमच्या गल्लीतल्या एका दुकानात तीन ऑफर एकदम लागल्या होत्या. दोन नूडल्सवर १० रुपये कमी. नूडल्स आणि कोल्ड्रिंकवर १५ रुपये कमी. आणि २०० च्या वर बिल झालं तर वरून ५ टक्के. आमच्यातल्या एकाच्या लक्षात आलं की नूडल्सचं तेच पाकीट कॉम्प्युटर दोन्ही ऑफरींत मोजतोय. मग काय, पूर्ण हॉस्टेल दोन नूडल्स, दोन कोल्ड्रिंकच्या हिशेबाने लाइनीत. काका दहा दिवस खूश होते की विक्री वाढली. अकराव्या दिवशी बोर्ड गायब.

काकांबद्दल वाईट वाटतं. तेव्हा नव्हतं वाटत.

कोडगा :

तिसरा_प्रयत्न, चौथ्याची गरज पडू नये ही सदिच्छा. तुमचं निरीक्षण परीक्षेच्या उपयोगाचं नाही, आमच्या उपयोगाचं आहे.

रामबागवाले, नियमाच्या पानावर दोन गोष्टी शोधा. एक, ‘दुसऱ्या ऑफरसोबत चालेल का’ अशी खूण. ती काढून टाका. दोन, प्राधान्यक्रम, म्हणजे एकाच पाकिटावर दोन नियम हक्क सांगत असतील तर आधी कोणाचा. खूण काढलेली असेल तर पाकीट एका नियमात वापरलं गेलं की दुसऱ्याला मिळत नाही. एकूण बिलावरची टक्केवारी मात्र बऱ्याच ठिकाणी वेगळ्या खोलीत राहते, तिची खूण वेगळी काढावी लागते. काका बहुधा तिथेही फसले.

तिसरी गोष्ट ‘कोणतेही तीन ५० ला’ छाप ऑफरींसाठी. गिऱ्हाइकाने चार बिस्किटपुडे आणले : २०, २०, २० आणि ३०. कोणते तीन धरायचे? स्वस्त धरले तर ५० अधिक ३०, बिल ८०. महाग धरला तर ५० अधिक २०, बिल ७०. सॉफ्टवेअरमध्ये ‘कमी किमतीचे आधी’ की ‘जास्त किमतीचे आधी’ अशी निवड असते. काहींमध्ये ती नसते आणि जे आधी स्कॅन झाले ते धरले जातात. म्हणजे तोच माल, क्रम बदलला की बिल वेगळं. आणि तीन सारखे पुडे शंभरला दिले की ३३.३३ च्या तीन ओळी होतात, बेरीज ९९.९९. तो एक पैसा शेवटच्या ओळीत टाकतो ते सॉफ्टवेअर नीट लिहिलेलं.

संपादक :

धागा ‘गप्पाटप्पा’मधून ‘उद्योग-व्यवसाय’ विभागात हलवला आहे.

रामबागवाला :

मंडळी, खूप आभार. काल रात्री दुकान बंद करून बसलो. मेनू सापडला, कोडगा म्हणाले तसा मास्टरच्या आत, चार थर खाली. तीन ग्रुप केले, १५ रुपये कमी टाकले, दुसऱ्या ऑफरसोबत नाही. जुना ‘नाश्ता कॉम्बो’ आयटम बंद केला आणि सेवेचा स्टॉक मोजून दुरुस्त केला.

आज सकाळी दोन भानगडी झाल्या.

पहिली : आमच्याकडे अर्धं गिऱ्हाईक सुटी सेव घेतं, पाकिटातली नाही. तीही ३०० रुपये किलो, म्हणजे २०० ग्रॅमचे ६०च. म्हणून मी सेवेच्या ग्रुपमध्ये सुटी पण टाकली, अट ०.२०० किलो. काट्यावरून स्टिकर निघतं, स्कॅन केलं की वजन बिलात येतं. एका आजोबांची सेव भरली १९८ ग्रॅम. सूट लागली नाही. पोरगा म्हणतो कॉम्प्युटर देत नाही, आजोबा म्हणतात बोर्ड वाचता येतो मला. शेवटी पोराने दोन काड्या सेव वर टाकून पुन्हा वजन केलं.

दुसरी : शेजारच्या काकू कॉम्बो घेऊन गेल्या आणि अर्ध्या तासाने जीरावन परत घेऊन आल्या, घरी होतं म्हणे. पोराने पुडीवरची छापील किंमत बघून ३० रुपये दिले. म्हणजे पोहे आणि सेव त्यांना ८५ ला पडले. काकूंना काही बोलायची आमची हिंमत नाही, पण नियम काय असतो?

कोडगा :

सेवेसाठी अट ०.१९० करा. काट्याला आणि माणसाला दहा ग्रॅमची सवड द्यावी. आणि एका बिलात जास्तीत जास्त दोनदा अशी मर्यादा घाला.

परतीचे दोन मार्ग. एक, बिलात जीरावनच्या ओळीवर जे पडले तेवढे द्यायचे. पंधरातले ३.४६ त्याच्या वाट्याला, म्हणजे परत २६.५४. दुसरा, उरलेल्या वस्तूंचा हिशेब नव्याने : पोहे-सेव १००, दिले होते ११५, परत १५. दुसरा मार्ग दुकानदाराच्या फायद्याचा, पण काउंटरवर समजावणं महाकठीण. “तीसची पुडी परत केली आणि पंधराच हातात?” परती जुनं बिल उघडूनच करायची, एवढं पोराला पक्कं सांगा. पुडीवरची किंमत बघायची नाही.

आजी_ऑनलाइन :

सगळं वाचलं, अर्धं कळलं. एक विचारते, रागवू नका. जो माणूस पोहे आणि शेव घेणारच होता, त्याला तुम्ही पंधरा रुपये कशाबद्दल दिलेत?

रामबागवाला :

आजी, तुमचा प्रश्न आणि बाबांचा प्रश्न शब्दाला शब्द सारखा. तो ऐकून गेल्या महिन्याची बिलं उघडून बसलो. पोहे आणि सेव लोक ऑफरीआधीही जोडीनेच नेत होते. जीरावन मात्र फार कमी जण उचलायचे, पुडी महिना महिना पुरते ना.

म्हणून आज दुपारी नियम बदलला. बोर्डावर आता : ‘पोहे-सेव घ्या, जीरावन अर्ध्या किमतीत’. सूट तीच पंधरा रुपये, बिल तेच ११५. पण तिन्ही ओळींत वाटण्याऐवजी पंधरा सगळे जीरावनच्या ओळीवर, आणि बोर्डही तेच सांगतो. हिशोबनीस, तिघांचा दर ५ टक्केच असल्याने करात फरक पडत नाही ना?

हिशोबनीस :

नाही पडत. आणि बोर्ड नि बिल एकच बोलतायत, त्यामुळे मला काही काम उरलं नाही.

कोडगा :

अरे वा! आणि परतीचा झगडा पण गेला. जीरावन परत आलं तर बिलावर त्याची किंमत १५, द्यायचे १५, पोहे-सेवेचे पूर्ण १०० तुमच्याकडे राहिले. दोन्ही मार्गांचं उत्तर एकच. मला सात वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं.

मांडवीकर :

पण पोहे परत आणले तर?

कोडगा :

मांडवीकर, तुम्ही झोपा.

रामबागवाला :

संध्याकाळी हिशेब लावला. जीरावन १९ गेले, फळीवरच्या पुड्या आणि कॉम्प्युटरचा आकडा जुळला. बाबांनी स्वतः मोजल्या, दोनदा. आता सियागंजाला जीरावनची ऑर्डर टाकतोय.

तिसरा_प्रयत्न :

काका, लौंग सेवेवर चालेल का ऑफर?

रामबागवाला :

ग्रुपमध्ये आहे, ये. पण एका बिलात दोनदाच.